सातवी सवाष्ण

यारिनाच्या लग्नात केकवर किती खर्च करायचा, यावरून माझी आणि लारिसावहिनीची दोन आठवडे जुंपली होती. पैसे थोडे होते आणि नवऱ्यामुलाची, नाझारची, रजा त्याहून थोडी. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे लारिसाला कुणी सांगायला नको, तिचे पाय पहिल्यापासून पोटाशीच आहेत. माझा भाऊ ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा यारिना शाळेत होती. एका गाईवर आणि शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पगारावर लारिसाने पोर वाढवली, शिकवली, धान्याच्या कंपनीत हिशेबनीस केली. म्हणून तिच्या चिकटपणाला मी नावं ठेवते ती तिच्या पाठीमागे.

यारिनाला मात्र केक हवा होता. तीन मजली, पांढराशुभ्र, शहरात करतात तसा.

"आत्या, निदान फोटो तरी राहील," ती म्हणाली.

मला ते बोलणं आवडलं नाही. नवरामुलगा अजून खंदकात, लग्न लागायचंय, आणि मागे काय राहील याची भाषा कशाला? पण लढाईचं दुसरं वर्ष चालू होतं आणि आमच्या वेर्बिव्का गावात सगळ्या पोरी अशाच बोलायला लागल्या होत्या. मी ते कानाआड केलं आणि माझ्या म्हाताऱ्या नवऱ्याला, मिकोलाला, गाडी काढायला लावली.

तालुक्याच्या गावी केक करणारी बाई होती, इन्ना नावाची. नखं लांब, बोलणं त्याहून लांब. तिने फोनवर चित्रं दाखवायला सुरुवात केली.

"किलोला साडेसहाशे रिव्न्या. पाहुणे किती?"

"चाळीस," लारिसा म्हणाली.

"मग सहा किलो. सजावटीचे वेगळे. फुलांचे वेगळे. वरच्या बाहुला-बाहुलीचे वेगळे."

"आणि सुरी?" लारिसाने विचारलं. "की ती आम्ही घरून आणायची?"

इन्ना हसली नाही. तिने कपाटातून एक बाहुला काढून टेबलावर ठेवला. साखरेचा, बोटभर उंच, अंगात सैनिकाचे हिरवे-मातकट कपडे. हल्ली हेच खपतात म्हणाली, काळ्या कोटातले कुणी मागत नाही.

"पण सहा किलोत तीन मजले उभे राहत नाहीत," ती पुढे म्हणाली. "खालचे दोन खोटे घ्या. थर्माकोल, वरून साखरेचा लेप. नवरानवरी वरचा कापतात, पाहुण्यांना आतून साधा केक कापून आणतात. फोटोत कुणाला कळतंय? सगळे असंच करतात."

लारिसाचा चेहरा खुलला. खोट्याला पैसे कमी पडतात हे तिला लगेच उमगलं. आणि इन्नालाही गिऱ्हाईक उमगलं असावं, कारण तिने आम्हाला मागच्या खोलीत नेलं. फळीवर दोन मजले तयार उभे होते. पांढरा लेप, कडेने साखरेची लिलीची फुलं, काम अगदी नाजूक. नुसती थोडी धूळ बसली होती.

"हे अर्ध्या पैशांत देते. ऑगस्टमधलं आहे. नावं तेवढी बदलायची."

"उरलं कसं?" यारिनाने विचारलं.

"लग्न झालं नाही."

"का?"

इन्ना खोकी नीट लावत राहिली. "तुला काय वाटतं, का?"

लारिसाने पुढे होऊन त्या लेपावर बोटाने टकटक केलं. "थर्माकोलला कसलं आलंय नशीब. धूळ झटकली की झालं. वन्सं, तुम्ही काय म्हणता?"

मी यारिनाकडे पाहत होते. लेपावरची नावं खरवडली होती, पण एका अक्षराची गुलाबी शेपटी तशीच राहिली होती आणि पोरीची नजर तिच्यावर खिळली होती. मग ती वळली आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेले, तर गाडीला टेकून उभी होती.

"आत्या, मला खोटं काही नको," ती म्हणाली. "खालपासून वरपर्यंत खरं असेल ते करा. लहान असलं तरी चालेल."

"खरं म्हणजे कोरोवाय."

"मग कोरोवाय करा."

कोरोवाय म्हणजे आमचा लग्नाचा गोड पाव. परातीएवढा, वर कणकेच्या वेण्या, कबुतरं, पानं. केक हे परवाचं नाटक. माझ्या आजीच्या आजीचं लग्न कोरोवायवरच लागलं. हल्ली लोक तोही बेकरीतून आणतात, कारण घरी करायचा तर नियम फार. पिठात हात घालणाऱ्या बायकांची संख्या विषम हवी, शक्यतो सात. प्रत्येकीचं लग्न पहिलंच हवं, नवरा जिवंत हवा, घरात सुख हवं. विधवेचा हात लागायला नको, घटस्फोट झालेलीचा नको. आणि पाव भट्टीत चिरला तर संसार चिरतो. तरुणपणी मला हे सगळं अडाण्यांचं वाटायचं. हल्ली वाटत नाही. ज्याच्या घरातलं माणूस तिकडे आघाडीवर आहे, तो शेजाऱ्याच्या मांजरीलाही वाट ओलांडू देत नाही.

खर्चाचं म्हणाल तर शून्य. पीठ, अंडी, लोणी सगळं बायकांनी आपापल्या घरून आणायचं असतं.

"वन्सं, हे आधी का नाही सांगितलंत?" लारिसा परतीच्या वाटेवर म्हणाली. "उगाच पेट्रोल जाळलं."

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सात सवाष्णी आणायच्या कुठून? पूर्वी एका आळीत सात सापडायच्या, वर दोघी रुसायच्या की आम्हाला का नाही बोलावलं. आता मी गाव डोळ्यांसमोर आणत बसले. पोस्टातलीचा नवरा जिवंत, पण दुसरा. गिरणीवाल्याची सून पोरं घेऊन पोलंडला गेलेली. नदीकडच्या आळीत तर दारामागून दार काळी फीत लावलेलं. पाद्र्याची बायको, आमची पाद्रीबाई, मिळाली, दूध डेअरीतली मिळाली, तिची जाऊ मिळाली, दोन म्हाताऱ्या मिळाल्या ज्यांच्या नवऱ्यांना सैन्यच काय, घरातलेही कुणी विचारत नाहीत. आणि सहावी मी. मिकोला माझा पहिलाच, वाताने पाय वाकडे झाल्यामुळे घरी राहिलेला, आणि आमची भांडणं कुंपणाबाहेर जात नाहीत.

सहा झाल्या. सहा म्हणजे सम, ते तर मुळीच चालत नाही. पाच करायच्या तर कुणाला तरी जा म्हणायचं, आणि आमच्याकडे कोरोवायवरून परत पाठवलेली बाई नातवंडांपर्यंत बोलत नाही.

"एक आहे अजून," पाद्रीबाई हळूच म्हणाली. आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. "रुस्लाना."

लारिसाने हातातला कप खाली ठेवला. "तिचं नाव काढू नका."

रुस्लानाचा नवरा रोमान फेब्रुवारीपासून बेपत्ता होता. मेला असं कुणी म्हटलं नव्हतं, सापडला असंही नाही. तो आणि नाझार एकाच तुकडीतले. ईस्टरच्या रजेत नाझार आला तेव्हा रुस्लाना धावत त्याच्याकडे गेली होती. त्या दिवशी मी दुसऱ्या ठिकाणी होतो, मला काही माहीत नाही, एवढंच तो म्हणाला आणि नंतर त्या आळीतून जाणं त्याने टाळलं. रुस्लाना अजून रोमानचे शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवते. "रोमानला हे आवडतं," असं म्हणते. आवडायचं, असं कधी म्हणत नाही.

"तिला बोलावलं नाही," पाद्रीबाई म्हणाली, "तर रोमान मेला असं आपणच ठरवल्यासारखं होईल."

"आणि बोलावलं तर?" लारिसा म्हणाली. "मी स्वतः विधवा आहे, पोटच्या पोरीच्या कोरोवायला हात लावणार नाही, बाहेर ओट्यावर बसणार आहे. मला कुणी शिकवू नका. माझ्या जावयाचा जीव आहे त्या पिठात. तो सोमवारी परत तिकडे जाणार आहे. हा 'कदाचित' माझ्या घरात नको."

तिचं काय चुकलं? मला दोघींचंही पटत होतं, म्हणून मी उठून कप विसळायला लागले. यारिना खिडकीशी अंडी पुसून टोपलीत ठेवत होती. तिने एकदाही मान वर केली नाही. टोपली भरली तशी उठून बाहेर गेली.

शुक्रवारी सकाळी बायका माझ्याकडे जमल्या, कारण लाकडाची भट्टी आता माझ्याकडेच उरली आहे. सहाच. सातवीचं काय करायचं ते शेवटच्या क्षणी देव बघेल, असं धरून मी लाकडं पेटवली. लारिसा ओट्यावर, पाय पोटाशी घेऊन. आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

रुस्लाना आली होती. केसांची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली, वर नव्या नवरीने बांधावा तसा फुलाफुलांचा रुमाल, हातात झाकलेली टोपली. टोपलीत पीठ, लोणी, अंडी.

"झिनामावशी, सातवी मिळत नाही म्हणून गावभर फिरलात म्हणे," ती मला म्हणाली. "माझं घर तर तुमच्या वाटेवरच आहे. बहुतेक दिसलं नसेल."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. लारिसा उठली.

"रुस्लाना, बाळ, राग मानू नकोस, पण…"

"पण काय, लारिसाकाकू? बोला ना." तिचा आवाज शांत होता, टोपली मात्र तिने दोन्ही हातांनी धरली होती. "माझा नवरा कुठे आहे असं वाटतं तुम्हाला?"

आतून बायका दारात आल्या होत्या. कुणाचे हात पिठात जायचे ते शेवटी नवरीने ठरवायचं असतं, म्हणून एकेक करून सगळ्यांनी यारिनाकडे पाहिलं. ती चौकटीला धरून उभी होती. चेहरा पिठासारखा. तिने रुस्लानाकडे पाहिलं, मग टोपलीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"अंडी तुझ्याच कोंबड्यांची, ताई?" तिने विचारलं.

"माझ्याच."

"मग आत ये. हात धू."

लारिसा मटकन खाली बसली. मी आत जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला.

पीठ मळताना आमच्यात गाणी म्हणतात, आणि रुस्लानाचा गळा गावात सगळ्यांत गोड. फेब्रुवारीनंतर ती पहिल्यांदा गात होती. मळतही होती कोपरापर्यंत हात घालून, घामाने रुमाल ओला होईपर्यंत. म्हाताऱ्या नुसत्या बोटं लावून बाजूला झाल्या. कणकेची कबुतरं तिनेच केली, डोळ्यांच्या जागी मिरे खोचले.

"तळाचा खरपूस तुकडा बाजूला काढून ठेवा हं, मावशी," ती म्हणाली. "रोमानला तोच लागतो. वाळला तरी चालतं, दुधात बुडवून खातो."

"ठेवते," मी म्हटलं. यारिना भिंतीशी उभी राहून तिच्या हातांकडे पाहत होती, नुसती हातांकडे.

पाव भट्टीत सारायचा मान कुरळ्या केसांच्या, सुखी पुरुषाचा. कुरळे सगळे तिकडे. मिकोलाला बोलावलं.

"केस नाहीत मला," तो म्हणाला.

"बायको आहे ना? मग सार," मी म्हटलं.

मग वाट पाहणं. पाव आत असताना दार आपटायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, भट्टीत डोकवायचं नाही. आम्ही सातजणी बाकावर ओळीने बसलो. मध्येच सगळ्यांचे फोन एकदम कोकलायला लागले, हवाई हल्ल्याचा इशारा. एरवी आम्ही हल्ली लक्ष देत नाही, पण त्या दिवशी सगळ्या अंग आखडून बसल्या, कुणी हलल्याने पाव बसेल अशा. दूर कुठे तरी दोनदा धप्प झालं. खिडकीची काच हलली. रुस्लाना ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होती. यारिना भिंतीशी तशीच उभी होती.

शेवटी मी भट्टीचं झाकण काढलं. पाव वर आला होता, गोल, तांबूस सोनेरी, एकही चीर नाही. कबुतरांच्या मानासुद्धा मोडल्या नव्हत्या. मी तीस वर्षं कोरोवाय करते आहे, असा निघाला नव्हता.

लारिसा दारापर्यंत आली, तिने छातीवर क्रूस काढला आणि मग रुस्लानाच्या गळ्यात पडून रडायला लागली. "आहे ग, बाई, तुझा रोमान आहे. बघ, पावानेच सांगितलं. मला माफ कर." बाकीच्याही डोळे पुसायला लागल्या. रुस्लाना हसत होती. आठ महिन्यांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं आम्ही. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

यारिना पावाजवळ गेली. वाकून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"आत्या," तिने हलकेच विचारलं, "चीर आत असते आणि वरून दिसत नाही, असं होतं का कधी?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी असलं विचारतात का?" मी दटावलं. तिने पावावर टॉवेल पांघरला.

शनिवारी लग्न लागलं. नाझार सैनिकाच्या कपड्यांतच होता, दुसरे त्याला ढगळ व्हायला लागले होते. मोठ्या कानांचा, खिदळणारा पोरगा, लढाईआधी कापणीयंत्रं दुरुस्त करायचा. आता हसायचा तेव्हा तोंड हसायचं, बाकी चेहरा तसाच राहायचा. तरी त्या दिवशी तो नाचला, लारिसाला उचलून गोल फिरवलं, मिकोलाबरोबर तीन पेले घेतले. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग कोरोवाय आणला. वरचा भाग नवरानवरीचा, मधला नातेवाइकांचा, तळाचा वाजंत्र्यांचा. मी त्यातून एक तुकडा आधीच काढून ठेवला होता. वाटप निम्मं झालं तेव्हा आमचा मान आला. ज्यांनी पाव केला त्या बायका ओळीने उभ्या राहतात, नवरामुलगा प्रत्येकीपुढे वाकतो आणि एकेक रुमाल देतो. मी बाजारातून सात आणले होते, लाल फुलांचे. नाझारला सातजणी कोण ते माहीत नव्हतं. मळताना पुरुषाने तिकडे फिरकायचं नसतं, आणि त्या दिवशी तो मित्राच्या आईला भेटायला परगावी गेला होता.

पाद्रीबाईपासून सुरुवात झाली. तो वाकायचा, काहीतरी चावट बोलायचा, बाई लाजायची, लोक हसायचे. माझ्यापुढे आला तेव्हा म्हणाला, "आत्या, पाव तुमच्या जिभेसारखा असेल तर दात सांभाळायला हवेत." मी त्याचा कान ओढला. मग तो शेवटच्या बाईकडे वळला.

रुस्लाना उभी होती. डोळे भरलेले, हसू ओठांवर.

नाझारचा हात वर उचललेला तसाच राहिला. बोटांतून रुमाल निसटायला लागला. तो रुस्लानाकडे बघतच नव्हता, तिच्या डोक्यावरून थेट यारिनाकडे बघत होता, आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. यारिनाने डोळे मिटून घेतले. हे सगळं बघता बघता झालं. मागच्या लोकांना वाटलं, पोराला चढली.

रुस्लानाने मात्र दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. हसू तसंच होतं, पण ते आता कुणीतरी विसरून गेल्यासारखं तिच्या तोंडावर राहिलं होतं. मग तिने हात पुढे करून त्याच्या बोटांतला रुमाल स्वतःच घेतला, स्वतःच्या डोक्याला बांधला आणि नाझारच्या कपाळाची पापी घेतली.

"सुखी राहा," ती मोठ्याने म्हणाली. आणि वाजंत्र्यांकडे वळून, "झोपलात की काय? वाजवा."

ती नाचली. शेवटची माणसं उठेपर्यंत नाचली. तळाचा तुकडा मी तिला द्यायला गेले तर म्हणाली, "तुमच्याकडेच राहू द्या, मावशी, मी नंतर नेईन." रविवारी चर्चमध्येही तोच लाल रुमाल बांधून आली. हुरूप आलाय बाईला, असं मी मिकोलाला म्हटलंसुद्धा.

सोमवारी सकाळी नाझार गेला. बसथांब्यावर लारिसा रडली, मी रडले, यारिना रडली नाही. बस पुलापलीकडे गेली तशा आम्ही तिघी लारिसाच्या घरी आलो. लारिसा कोंबड्यांना दाणे टाकायला लागली, कारण काहीतरी करायला हवं होतं. यारिना पायरीवर बसली, फोन शेजारी ठेवून. स्टेशनवर पोचलो की फोन करतो, असं तो सांगून गेला होता.

तेवढ्यात रुस्लाना अंगणात आली. डोक्याला काळा रुमाल. लाल रुमाल हातात, नीट घडी घातलेला.

लारिसाचा दाण्याचा हात थांबला. "हे काय? काही निरोप आला का?"

"आला. शनिवारीच आला," रुस्लाना म्हणाली. "तुमच्या जावयाने दिला."

"तो तर काही बोलला नाही."

"नाही बोलला. मला बघून त्याने बायकोकडे पाहिलं. तेवढं पुरलं." ती यारिनापुढे येऊन उभी राहिली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"ईस्टरपासून," यारिना म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, जणू हेच विचारणाऱ्याची ती वाट पाहत बसली होती. "नाझार त्याच्या शेजारीच होता. आणण्यासारखं काही राहिलं नव्हतं, ताई. आणि जे होतं ते शत्रूच्या बाजूला राहिलं. कुणाला सांगू नकोस म्हणाला. तू समोर आलीस की जीभ उचलत नाही, असं म्हणाला."

रुस्लानाने मान हलवली. म्हणाली, "आणि तरी तू मला पिठात हात घालू दिलास."

"दारात तुला दुसरं काय सांगणार होते?"

चौकटीला धरून उभी असलेली ती पोर मला आठवली. नको म्हणायला तिच्याजवळ एकच कारण होतं, आणि ते टोपली घेऊन आलेल्या बाईच्या तोंडावर सांगायचं होतं. तिने ते सांगितलं नाही. एका पारड्यात तिचा नाझार होता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

लारिसाला जरा उशिरा कळलं. कळलं तशी दाण्याचं भांडं तिच्या हातून पडलं. "तुला माहीत होतं? माहीत असून तू हिला…" पुढचं तिच्याने बोलवेना. ती घरात पळाली आणि देवाच्या तसबिरीमागे वर्षभरासाठी जपून ठेवलेला कोरोवायचा वरचा भाग, नक्षीच्या टॉवेलात बांधलेला, घेऊन बाहेर आली. "नदीत टाका हे. आत्ता. माझ्या घरात नको. वन्सं, घ्या ना, टाका नेऊन."

मी हात पुढे केले नाहीत, मागेही घेतले नाहीत.

"काकू बरोबर सांगतायत," रुस्लाना म्हणाली. "टाक, यारिना. मला वाईट वाटणार नाही. मला माहीत असतं तर तुझ्या उंबऱ्याशीसुद्धा आले नसते. शनिवारी कळलं तेव्हा पाव निम्मा खाऊन झाला होता. मला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, पोरगा गावात आहे तोवर आपण रडायचं नाही, काळं बांधायचं नाही. तो जाईपर्यंत तरी सवाष्ण राहू. त्याने काही फरक पडत असेल तर पडो." आणि तेव्हा कुठे ती रडायला लागली, उभ्याउभ्याच, लाल रुमाल तोंडात कोंबून.

यारिना उठली. तिने आईच्या हातातून पोटली घेतली, टॉवेल सोडला. कणकेची दोन कबुतरं, मिऱ्याच्या डोळ्यांची, अजून शाबूत होती. तिने पावाचे दोन तुकडे केले. वाळला होता, चांगला जोर लावावा लागला.

"खरं असेल ते करा, असं मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "हे खरं आहे." एक तुकडा तिने रुस्लानाच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः पुन्हा पायरीवर बसून खायला लागली. लारिसा तोंडावर पदराचं टोक धरावं तसा टॉवेल धरून बघत होती. रुस्लाना तुकडा हातात घेऊन यारिनाच्या शेजारी बसली.

फोन वाजायला लागला.

पायरीवर, दोघींच्या मध्ये, तोंड खाली करून पडला होता, त्यामुळे नाव दिसत नव्हतं. यारिनाचा घास तोंडातच राहिला. ती फोनकडे बघत होती आणि तिचा हात काही केल्या पुढे जात नव्हता. लारिसा हलली नाही. मीही हलले नाही. वाजत राहिला.

शेवटी रुस्लानानेच तो उचलला, उलटा करून पाहिला आणि यारिनाच्या हातात ठेवला.

"नाझार आहे," ती म्हणाली. "बोल."

त्या दिवशी नाझारच होता.